रात्री बेडरूममधली उपकरणे टायमरवर लावताय? काय बंद करावे आणि काय कधीच करू नये

आज रात्री झोपण्यापूर्वी खोलीत चालू असलेली उपकरणे एकदा मोजून पाहा. एसी, पंखा, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वाय-फायचा राउटर, दोन-तीन मोबाइल चार्जर, डास पळवणारे मशीन, झिरोचा दिवा. अंधेरी असो, बोरिवली, घाटकोपर की मुलुंड, हा आकडा सहज आठ-दहापर्यंत जातो. "डॉक्टर, हे सगळे टायमर लावून रात्री बंद केले तर झोप चांगली लागेल का?", "राउटरमुळे डोके दुखते का?" असे प्रश्न आता दवाखान्यात नेहमी विचारले जातात.

याचे उत्तर सरसकट हो किंवा नाही असे देता येत नाही. काही उपकरणे वेळेवर बंद झाल्याने नक्की फायदा होतो. काही बंद केली काय किंवा चालू ठेवली काय, तब्येतीला फारसा फरक पडत नाही. पण काही उपकरणे रात्री चुकून बंद झाली, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आख्ख्या खोलीची वीज एका टायमरवर टाकू नका. प्रत्येक उपकरणाचा वेगळा विचार करा.

टायमरचे प्रकार

तीन-चार प्रकार सहज मिळतात.

- उपकरणातलाच टायमर: एसीच्या रिमोटवर, टीव्हीच्या मेनूमध्ये आणि रिमोटच्या पंख्यांवर तो असतो. बहुतेकांच्या घरात आहे, पण वापरला जात नाही.
- प्लगमध्ये लावायचा चकतीचा टायमर: चकतीवर दर पंधरा मिनिटांसाठी एक अशा बारीक पट्ट्या असतात. ज्या वेळेच्या पट्ट्या दाबाल, त्या वेळेत वीज चालू राहते.
- डिजिटल टायमर आणि मोबाइलवरून चालणारे स्मार्ट प्लग.
- मीटरच्या बोर्डात इलेक्ट्रिशियनकडून बसवलेला टायमर: हा एका खोलीची पूर्ण लाइन बंद करतो. घरात आजारी माणूस असेल, तर या प्रकाराबाबत सर्वांत जास्त सावध राहा.

विजेच्या लहरींची भीती किती खरी?

अनेकजण टायमरचा विचार करतात तो "रेडिएशन"च्या भीतीने. त्यामुळे आधी याबद्दल नीट समजून घेऊ.

घरातल्या वायरिंगभोवती कमी वारंवारतेचे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र असते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. मोबाइल आणि राउटर याहून कितीतरी जास्त वारंवारतेच्या रेडिओ लहरी वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राला २००२ मध्ये, तर रेडिओ लहरींना २०११ मध्ये "२ब" या गटात ठेवले. या गटाचा अर्थ "कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा अपुरा आहे" असा होतो. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मोबाइल टॉवरच्या लहरींसाठी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली आहे.

काहींना राउटर किंवा टॉवरजवळ डोकेदुखी, धडधड, झोपमोड असे त्रास जाणवतात. हे त्रास खोटे नसतात. पण लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता चाचण्या घेतल्या, तेव्हा अशा व्यक्तींना ते ओळखता आले नाही. त्यामुळे कारण दुसरीकडे शोधावे लागते. ताण, मायग्रेन, थायरॉइड, रक्तदाब, रात्री उशिरापर्यंतचा स्क्रीन यांपैकी काहीतरी सापडण्याची शक्यता जास्त असते.

तरीही मनाला समाधान हवे असेल, तर सर्वांत सोपा उपाय अंतराचा आहे. उपकरणापासून दूर गेले की हे क्षेत्र झपाट्याने कमी होते. चार्जर आणि मोबाइल उशीपासून हातभर लांब ठेवा, राउटर पलंगाच्या डोक्याशी न ठेवता हॉलमध्ये ठेवा. एवढे पुरे आहे.

कोणत्या उपकरणांना टायमर लावल्याने खरा फायदा होतो?

*टीव्ही, ट्यूबलाइट आणि मोबाइलचा स्क्रीन*

अंधार पडू लागला की मेंदूतून मेलाटोनिन हे झोपेची सूचना देणारे संप्रेरक स्रवू लागते. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधी साधारण दोन तास त्याचे प्रमाण वाढायला लागते. पांढरा, प्रखर उजेड, त्यातही निळसर छटेचा, डोळ्यांवर पडत राहिला की ही वाढ लांबते. शरीराच्या या घड्याळाची आतली यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले.

त्यामुळे टीव्हीला स्लीप टायमर लावा आणि ट्यूबलाइट झोपेच्या तासभर आधी बंद होईल अशी सोय करा. उपनगरात पहाटे साडेपाचची लोकल पकडणारी माणसे रात्री साडेअकराला अंथरुणावर पडतात आणि बारापर्यंत मोबाइल पाहतात. प्रौढांना किमान सात तास झोप हवी. हिशेब इथेच चुकतो. दहा वाजता टीव्ही आपोआप बंद झाला, तर "आता उठा" असे कुणालाही सांगावे लागत नाही आणि घरात वादही होत नाही.

सीप्झ किंवा मालाडच्या कार्यालयांत रात्रपाळी करणाऱ्यांनी टायमर घड्याळाच्या रात्रीप्रमाणे लावू नये, स्वतःच्या झोपेप्रमाणे लावावा. त्यांच्यासाठी सकाळी आठ ही "रात्र" असते. जाड पडदे आणि दिवसा बंद राहणारे दिवे त्यांना जास्त उपयोगी पडतात.

*एसी*

झोप लागताना शरीराचे आतले तापमान थोडे उतरते आणि पहाटे ते सर्वांत कमी असते. म्हणून रात्री अकराला बरा वाटणारा गारवा पहाटे चारला बोचतो आणि माणूस पांघरूण ओढतो. एसी २४ ते २६ अंशांवर, जोडीला हळू पंखा, आणि पहाटे बंद होणारा टायमर ही मांडणी बहुतेकांना मानवते. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या स्टार रेटिंगच्या एसींचे मूळ तापमान २४ अंशच ठेवलेले असते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. छोट्या बंद खोलीत चौघे झोपत असाल, तर एसी बंद झाल्यावर खोली लवकर कोंदते. पंखा चालू राहू द्या आणि दार किंचित उघडे ठेवा. दुसरी, मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात घरात तान्हे बाळ, सत्तरीपुढचे आजी-आजोबा किंवा हृदयाचा, मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर एसी मध्यरात्री बंद करू नका. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातले पाणी उकाड्यात लवकर कमी होते. त्यांच्यासाठी टायमरऐवजी तापमान एक-दोन अंशांनी वाढवणे बरे.

*शेकण्याची विजेची पिशवी आणि वाफेचे मशीन*

इथे टायमर जवळजवळ सक्तीचा समजा. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना चटका बसलेला कळत नाही. शेकता शेकता झोप लागते आणि सकाळी तळव्यावर फोड दिसतो. अशी जखम भरायला महिने लागतात, कधी कधी पायाचे बोटही गमवावे लागते. पंधरा ते वीस मिनिटांत आपोआप बंद होईल अशीच सोय करा. पाय बधिर असतील तर पायाला शेकूच नका. वाफेचे मशीन लहान मुलांच्या अंथरुणाशेजारी चालू ठेवून झोपू नका. पाणी संपून ते तापते किंवा कलंडून मूल भाजते.

*चार्जर आणि बॅटऱ्या*

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली. घरातली माणसे झोपेत होती. सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. या घटनेतून घ्यायचा धडा साधा आहे: माणसे झोपलेली असताना लिथियम बॅटरी चार्ज करू नये. स्कूटरची बॅटरी जागेपणी, नजरेसमोर आणि बाहेर पडायच्या दारापासून दूर चार्ज करा. तिच्यासाठी टायमरवर विसंबून राहू नका. मोबाइलसाठी दोन तासांचा टायमर चालेल, पण मोबाइल उशीखाली किंवा गादीवर ठेवून कधीही चार्ज करू नका. चार्जर आणि पॉवर बँक बीआयएसची नोंदणी असलेलीच घ्या.

विचार करून ठरवायची उपकरणे

*डास पळवणारे मशीन*: अनेकांना त्याच्या वासाने खोकला किंवा दम लागतो, म्हणून ते मध्यरात्री बंद व्हावे असे वाटते. पण मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनाफिलीस डास संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो. डेंग्यूचा एडिस मुख्यतः दिवसा चावतो. त्यामुळे मच्छरदाणी किंवा खिडक्यांना जाळी नसताना पावसाळ्यात मशीन बंद करून झोपणे म्हणजे एक त्रास टाळून दुसरा ओढवून घेणे. आधी मच्छरदाणी लावा. मग तिन्हीसांजेपासून झोपेपर्यंत मशीन चालू आणि त्यानंतर बंद असा टायमर लावता येतो. मशीन चालू असताना खोली घट्ट बंद ठेवू नका.

*झिरोचा दिवा*: पूर्ण अंधारात झोप चांगली लागते हे खरे. पण रात्री दोनदा लघवीला उठणाऱ्या आजोबांसाठी तोच अंधार खुब्याच्या हाडाचा धोका ठरतो. वयस्करांच्या खोलीतला दिवा टायमरवर टाकू नका. जमिनीलगत, पिवळसर, मंद एलईडी दिवा लावा. माणूस हलला की पेटणारा सेन्सरचा दिवा असेल तर दोन्ही गोष्टी साधतात.

*राउटर*: मुले रात्री मोबाइलवर बसतात म्हणून राउटर अकराला बंद करणे हा चांगला घरगुती नियम आहे. पण त्याआधी खात्री करा. घरात कुणाला दंडावर लावायचा साखर मोजणारा सेन्सर असेल, तर साखर घसरल्याचा इशारा नातेवाइकांच्या मोबाइलवर बहुधा इंटरनेटमार्फतच येतो. अशा घरात राउटर चालूच ठेवा.

*मोबाइल*: आई-वडील वेगळ्या घरी राहत असतील, तर फोन फ्लाइट मोडवर टाकू नका. "डू नॉट डिस्टर्ब" लावा आणि घरच्या चार नंबरांना सूट द्या. झोपही होईल आणि तातडीचा फोनही लागेल.

ही उपकरणे कधीच टायमरवर टाकू नका

- ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर
- सीपॅप आणि बायपॅप मशीन
- अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हवेची गादी
- औषध किंवा आहार देणारा पंप, रुग्णाचा मॉनिटर
- इन्सुलिन ठेवलेला फ्रिज
- दमा किंवा सीओपीडीच्या रुग्णाच्या खोलीतला एअर प्युरिफायर

कारणे थोडक्यात सांगतो. सीपॅप मध्येच थांबले तर झोपेत श्वास अडकणे पुन्हा सुरू होते, आणि नाक-तोंड झाकणारा मास्क असेल तर गुदमरल्यासारखे होऊन जाग येते. कॉन्सन्ट्रेटर थांबल्यावर काही रुग्णांचा ऑक्सिजन काही मिनिटांतच खाली येतो, आणि झोपेत त्यांना ते कळेलच असे नाही. हवेच्या गादीचा पंप बंद झाला की माकडहाडावर सतत दाब येतो आणि एका रात्रीत त्वचा लाल होऊ शकते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. रोज रात्री फ्रिज काही तास बंद राहिला तर त्याची ताकद हळूहळू कमी होते, आणि बाटलीकडे पाहून ते समजत नाही.

उपनगरातल्या घरांत हा धोका वाढतो तो जागेमुळे. वन रूम किचनमध्ये किंवा एसआरएच्या २२५ चौरस फुटांच्या घरात बेडरूम, हॉल आणि फ्रिजची जागा एकच असते. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर टीव्ही, राउटर आणि आजीचे मशीन लावलेले असते. टीव्हीसाठी लावलेला टायमर त्या बोर्डवर बसला, तर आजीचे मशीनही बंद पडेल. म्हणून वैद्यकीय उपकरणाला भिंतीतला स्वतंत्र सॉकेट द्या आणि त्यावर मोठ्या अक्षरांत "बंद करू नये" अशी चिठ्ठी चिकटवा. पाहुणे आणि कामाला येणाऱ्या ताईंनाही ती दिसली पाहिजे.

मुंबईत वीज सहसा जात नाही, म्हणून आपण गाफील असतो. पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडमधल्या बिघाडामुळे मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागाची वीज एकाच वेळी गेली आणि काही भागांत ती परत यायला कित्येक तास लागले. कोविडचा काळ होता, अनेक रुग्ण घरी ऑक्सिजनवर होते. निदान तेव्हा दिवस होता आणि घरातली माणसे जागी होती. चुकीच्या जागी लावलेला टायमर हीच परिस्थिती रोज रात्री, सगळे झोपेत असताना आणू शकतो.

घरात असे उपकरण असेल तर भरलेला ऑक्सिजन सिलिंडर किंवा इन्व्हर्टर तयार ठेवा. इन्व्हर्टर त्या मशीनवर किती वेळ टिकतो ते दिवसा तपासून पाहा. आपली वीज कंपनी कोणती हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. अंधेरी-बोरिवलीकडे अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर, तर मुलुंड-भांडुपला महावितरण. त्यांचा तक्रार क्रमांक आणि तुमचा ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लक्षात ठेवा.

टायमर बसवताना घ्यायची काळजी

- टायमरवर लिहिलेले ॲम्पियर पाहा. सहा किंवा दहा ॲम्पियरचा टायमर एसी, गीझर, हीटरला लावू नका. तो तापून जळू शकतो.
- एसी नेहमी रिमोटच्या टायमरनेच बंद करा. चालू कॉम्प्रेसरची वीज रोज थेट तोडणे मशीनलाही चांगले नाही.
- चकतीचा टायमर वीज गेल्यावर थांबतो आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे चालतो. तासभर वीज गेली तर सगळ्या वेळा तासभर पुढे सरकतात. दर आठवड्याला वेळ जुळवा.
- स्मार्ट प्लग वीज परत आल्यावर चालू होतो की बंदच राहतो, हे एकदा स्विच बंद-चालू करून पाहा.
- बोर्ड गरम लागणे, जळका वास, तपकिरी डाग, चरचर असा आवाज यांपैकी काही जाणवले तर टायमर नको, आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा. सैल जोडणीतून लागणारी आग टायमर थांबवू शकत नाही.
- जुन्या इमारतींत कधी कधी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. तेव्हा स्विच बंद केला तरी उपकरणात वीज राहते. तेही तपासून घ्या.

वीजबिल किती वाचेल?

सेट-टॉप बॉक्स किंवा राउटर साधारण १० वॉट घेतो असे धरू. रोज आठ तास बंद ठेवला तर महिन्याला अडीच युनिटसुद्धा वाचत नाहीत. एसी तासाला एक युनिट घेतो असे धरले, तर रोज दोन तास आधी बंद केल्याने महिन्याला साठ युनिट वाचतात. पैशांसाठी टायमर लावायचा असेल तर तो एसीलाच लावा.

टायमर लावूनही झोप येत नसेल तर

दोन-तीन आठवडे दिवे, टीव्ही आणि मोबाइल वेळेवर बंद करूनही फरक पडला नाही, तर उपकरणांमागे लागू नका, डॉक्टरांना भेटा. पुढीलपैकी काही असेल तर थांबूच नका:

- मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकल्याचे घरच्यांच्या लक्षात येणे
- सकाळी डोके जड होणे, दिवसा बसल्या बसल्या किंवा गाडी चालवताना डुलकी लागणे
- आडवे झाल्यावर दम लागणे, पायावर सूज
- रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे
- आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप न येणे आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालणे
- सतत उदास वाटणे, जगण्यात रस न उरणे

मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणून घेऊ नका. विशेषतः घोरणाऱ्या आणि दम्याच्या रुग्णांना ती धोक्याची ठरू शकते.

या रविवारी अर्धा तास काढा आणि घरातल्यांना बरोबर घेऊन खोलीतल्या प्रत्येक प्लगपाशी जा. प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारा: रात्री तीन वाजता हे बंद पडले, तर कुणाला त्रास होईल का? ज्याचे उत्तर "कुणालाच नाही" असेल, त्याला खुशाल टायमर लावा. जिथे एकाचेही नाव निघेल, तिथे टायमर लावण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या रुग्णाचे उपकरण किती वेळ चालू ठेवायचे, हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.*